पोडियमवरच्या बागेचा आराखडा रहिवाशांनी मिळून ठरवावा, याबाबत विनंती

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापक समिती सदस्य,

सविनय नमस्कार.

आपल्या सोसायटीच्या पोडियमवरच्या, म्हणजे पार्किंगच्या स्लॅबवरच्या, मोकळ्या जागेचा नवा आराखडा नोटीस बोर्डावर लागला आहे आणि त्याखाली ‘सूचना असल्यास लेखी कळवाव्यात’ असे लिहिले आहे. या जागेचे काहीतरी चांगले व्हावे असे समितीला वाटते आहे, याचा मनापासून आनंद आहे. माझी विनंती एवढीच, की येत्या सभेत हा आराखडा मंजूर करू नये. आधी रहिवाशांनी जागेवर उभे राहून तो आखावा, काही दिवस वापरून पाहावा आणि मगच पक्के बांधकाम हाती घ्यावे.

आराखड्यात मधोमध कारंजे, त्याभोवती गोल लॉन आणि लॉनच्या कडेने सिमेंटचे बाक आहेत. पण संध्याकाळी पोडियमवर काय दिसते? ज्येष्ठ मंडळी बी विंगच्या जिन्यालगतच्या कठड्यावर बसतात. तिथे ऊन लवकर उतरते, पाठीला भिंत मिळते आणि येणारे-जाणारे दिसतात. सध्याचे बाक मात्र कंपाउंडच्या भिंतीकडे तोंड करून आहेत, ते बहुतेक रिकामेच असतात. गेटपासून लिफ्टकडे हिरवळीतून एक तिरकी पायवाट पडली आहे. तिथे पुन्हा गवत लावले, दोरी बांधली, पाटी लावली, तरी ती वाट मोडली नाही. नव्या आराखड्यात कारंजे नेमके त्याच वाटेवर येते. माझ्या मते ती वाट आहे तशी ठेवून तिथे फरशी टाकावी आणि बाग तिच्या दोन्ही बाजूंना करावी.

विल्यम व्हाइट या अभ्यासकाने १९७० च्या दशकात न्यूयॉर्कमधल्या मोकळ्या चौकांत कॅमेरे लावून लोक कुठे थांबतात, कुठे बसतात हे टिपले. सुटी खुर्ची मिळाली, की माणूस बसण्याआधी ती थोडी सरकवतो, कधी कधी तर काही कारण नसतानाही, हे त्याच्या नजरेत भरले. आपली जागा आपण निवडली, एवढे समाधान माणसाला पुरते. म्हणून सिमेंटचे बाक ओतण्याआधी महिनाभर सुट्या खुर्च्या, कुंड्या आणि जुने क्रेट ठेवून पाहू. वाटा आणि वाफे जमिनीवर फक्कीने आखू. चुकले तर झाडूने पुसता येते. त्या महिन्यात मुले, व्हीलचेअर वापरणारे रहिवासी, रात्रपाळीचे सुरक्षारक्षक आणि माळीकाका यांच्याशीही बोलावे. सभेत हात वर करून बोलणारे नेहमीचेच असतात, हे आपण सगळेच जाणतो.

काही गोष्टी मात्र मतावर सोडता येणार नाहीत, आणि तिथे समितीने ठाम राहावे. पोडियमखाली पार्किंग आहे. ओल्या मातीचे वजन घनमीटरला दीड ते दोन टन भरते, म्हणजे फक्त ३० सेंटिमीटरच्या थराचा भार दर चौरस मीटरला सुमारे अर्धा टन होतो. स्लॅब किती भार पेलेल हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने लेखी द्यावे, मोठ्या कुंड्या कॉलम आणि बीमच्या वरच ठेवाव्यात आणि मातीत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) मिसळून ती हलकी करावी. वॉटरप्रूफिंगची चाचणी पाणी साठवून आधी घ्यावी. बाग झाल्यावर गळती सापडली तर सगळे उकरावे लागेल. भार, निचरा आणि खर्च यांची मर्यादा समितीने आखून द्यावी. त्या मर्यादेत काय करायचे, ते रहिवाशांना ठरवू द्यावे.

भाजीच्या वाफ्यांसाठी आराखड्यात दाखवलेला कोपरा ए विंगच्या सावलीत येतो. बहुतेक फळभाज्यांना रोज सहा तास तरी थेट ऊन लागते. गच्चीवरून दर दोन तासांनी एक फोटो काढला तरी ऊन कुठे किती पडते ते कळेल. हे काम मुलांकडे सोपवावे, ती आवडीने करतील. दोन-तीन वाफे गुडघ्याच्या वर उचललेले असावेत, म्हणजे ज्यांना वाकता येत नाही त्यांनाही मातीत हात घालता येईल.

शेवटचा मुद्दा देखभालीचा, आणि मला त्याचीच सर्वात जास्त काळजी वाटते. सामाईक संसाधने लोक कशी टिकवतात यावरच्या कामासाठी एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. ज्यांना नियम पाळायचे आहेत त्यांचा नियम ठरवण्यात हात असला, की व्यवस्था टिकण्याची शक्यता वाढते, हे त्यांनी अनेक देशांतल्या उदाहरणांवरून दाखवले. पाणी कुणी घालायचे, सुट्टीत कुणी पाहायचे, पीक कसे वाटायचे, कंपोस्टला वास आला तर कुणाला सांगायचे, हे रोप लावण्याआधीच वापरणाऱ्यांनी ठरवावे.

‘सगळ्यांना विचारत बसलो तर काम होणार नाही,’ ही शंका रास्त आहे. म्हणून मुदत घालावी: महिनाभर प्रयोग, त्यानंतर एक बैठक आणि मग निर्णय. प्रत्येक विंगमधून दोघांचा गट नेमावा. बी विंगकडून मी काम करायला तयार आहे. फक्कीने आखणी करण्याचे काम येत्या रविवारी सुरू करता येईल, त्यासाठी समितीची परवानगी हवी आहे. हा विषय सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा, ही नम्र विनंती.

कळावे,
आपली विश्वासू,
एक रहिवासी, बी विंग