लिस्बन वरून खाली उतरत पाहावे

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

युरोप सहलींचे बेत सुरू झाले की पर्यटन पुरवण्यांमध्ये लिस्बन हमखास येते आणि सोबत तेच तीन फोटो येतात: पिवळी ट्राम, बेलेमचा बुरूज आणि अंड्याचा गोड टार्ट. सहलींच्या कार्यक्रमपत्रिकेतही या शहराच्या वाट्याला बहुधा अर्धाच दिवस असतो. वसई, चौल आणि गोवा यांच्यावर जिथून राज्य चालले, ती राजधानी मराठी माणसाने बसच्या खिडकीतून उरकावी हे पटत नाही. निदान दोन पूर्ण दिवस द्यावेत. ते कसे वापरावेत हे कुणी नेमके सांगत नाही, म्हणून हे पत्र.

लिस्बनमध्ये दमछाक होते ती चढाने. नकाशावर दोनशे मीटर दिसणारी वाट प्रत्यक्षात नुसत्या पायऱ्यांची निघते. साठीपुढची मंडळी सकाळी नदीकाठच्या चौकातून किल्ल्याकडे चालू लागतात आणि अकराच्या आत बसून घेतात. क्रम उलटा हवा: वर वाहनाने किंवा लिफ्टने जावे आणि खाली पायी यावे. साओ जॉर्ज किल्ल्यापर्यंत प्रासा दा फिगेरा चौकातून ७३७ नंबरची छोटी बस जाते. बसची वाट पाहायची नसेल तर दोन सार्वजनिक लिफ्ट आहेत, दोन्ही फुकट. पहिली रुआ दोस फांकेरोस या रस्त्यावरच्या एका साध्या इमारतीत आहे. दार घराचेच वाटते, त्यामुळे लोक पुढे निघून जातात. वर बाहेर पडले की आपण रुआ दा मादालेना रस्त्यावर येतो. तो ओलांडून थोडे चालले की एका सुपरमार्केटच्या इमारतीतली दुसरी लिफ्ट किल्ल्याच्या उतारावर नेऊन सोडते. शियादो भागात चढायचे असेल तर बायशा-शियादो मेट्रो स्थानकाचे खालचे दार धरावे आणि सरकत्या जिन्यांनी वरच्या दाराने बाहेर पडावे. त्याला तिकीट लागत नाही. १९०२ सालची सांता जुस्ताची लोखंडी लिफ्ट सुंदर आहे, पण ४५ मीटर चढण्यासाठी तासभर रांगेत उभे राहण्याची गरज नाही. तिचा वरचा पूल कार्मो चौकाच्या बाजूने चालतही गाठता येतो. ३ सप्टेंबर २०२५ रोजी ग्लोरिया फ्युनिक्युलरची, म्हणजे चढावर दोरीने ओढल्या जाणाऱ्या गाडीची, दोरी निसटून १६ जणांचा जीव गेला. त्यानंतर उतारावरच्या या जुन्या गाड्या बंद ठेवण्यात आल्या, तेव्हा त्यांच्या भरवशावर बेत आखू नये.

बुटांचे तळ रबराचे आणि खाचांचे हवेत. इथले पदपथ कालसादाचे, म्हणजे हाताने बसवलेल्या चुनखडीच्या लहान पांढऱ्या-काळ्या तुकड्यांचे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या पावलांनी ते तुकडे काचेसारखे गुळगुळीत झाले आहेत. पावसाची एक सर आली की उतारावर पाय टिकत नाही. चपला किंवा चामडी तळाचे बूट घालून किल्ल्याखालच्या आल्फामा या जुन्या वस्तीत उतरू नये. चाकांच्या बॅगेचीही याच दगडांवर वाट लागते.

२८ नंबरच्या ट्रामविषयी. ती गाडी इतकी लहान का, तर आल्फामा आणि ग्रासा भागातली वळणे अरुंद आणि चढ तीव्र आहेत. तिथे नवी लांब ट्राम वळूच शकत नाही, म्हणून चार चाकांच्या जुन्या गाड्या नव्या यंत्रासह आजही धावतात. जेमतेम वीस आसने, आणि मार्तिम मोनिझच्या थांब्यावर सकाळी दहानंतर रांग चौकाला वळसा घालते. आठच्या आत जावे, नाहीतर दुसऱ्या टोकाला, काम्पो दे ओरीकेला, चढावे. तिथे बसायला जागा मिळते. खिसेकापूंची आवडती गाडी हीच, तेव्हा पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत असावा आणि पाठीवरची पिशवी पोटावर. गाडीत रोख तिकीट काढले तर कार्डाच्या जवळजवळ दुप्पट पैसे जातात. मेट्रो स्थानकावर अर्ध्या युरोत नावेगांते कार्ड मिळते. माणशी एक कार्ड लागते, नवरा-बायकोत एक चालत नाही. त्यात पैसे भरून ठेवले असतील तर ते संपेपर्यंत त्याच कार्डावर दिवसाचा पास चढत नाही. मशीनसमोर अडणारे बहुतेक जण इथेच अडतात.

आता मुख्य मुद्दा. लिस्बन कळण्यासाठी एक तारीख लक्षात ठेवावी: १ नोव्हेंबर १७५५. सर्व संतांच्या सणाचा दिवस, सकाळी साडेनऊच्या सुमारास भूकंप झाला, मागोमाग समुद्राची लाट तेजो नदीतून शहरात शिरली, आणि चर्चमधल्या मेणबत्त्या व घरांतल्या चुली यांमुळे लागलेली आग पाच-सहा दिवस धुमसत राहिली. नदीकाठचा राजवाडा गेला. पूर्वेकडचा सगळा व्यापार पाहणाऱ्या ‘कासा दा इंडिया’चे दप्तरही त्यात गेले. जिथे आज प्रासा दो कोमेर्सियो हा भव्य चौक आहे तिथेच तो राजवाडा होता, आणि लिस्बनकर आजही त्याला ‘तेरेरो दो पासो’, म्हणजे वाड्यापुढचे पटांगण, म्हणतात. वाडा जाऊन पावणेतीनशे वर्षे होत आली, नाव राहिले.

चौकामागचा बायशा हा सपाट भाग नंतर पोंबाल या मंत्र्याने नव्याने बांधून घेतला. आराखड्यामागे मानुएल दा माया, एउझेनिओ दोस सांतोस आणि कार्लोस मार्देल हे अभियंते होते. सरळ रस्ते, एकसारखी दर्शनी बाजू, आणि रस्त्यांना धंद्यांची नावे: सोनारांचा, चांदीकामाचा, चांभारांचा. खरी करामत भिंतीच्या आत आहे. घराच्या भिंतींत आधी लाकडाचा पिंजरा उभा करायचा, त्याच्या चौकटीत फुलीसारखे तिरपे वासे ठोकायचे, मधल्या जागा दगड-विटांनी भरायच्या आणि वरून गिलावा. जमीन हादरली की लाकूड लवते, दगड पडला तरी सांगाडा उभा राहतो. बाहेरून यातले काहीच दिसत नाही, म्हणून पर्यटक बायशातून फक्त खरेदी करत जातात. पाया पाहायचा असेल तर रुआ दोस कोरेरोस रस्त्यावर एका बँकेच्या इमारतीखाली उत्खननाचे छोटे संग्रहालय आहे. छोट्या गटांना माहितगारासोबत फुकट आत नेतात, वेळ आधी ठरवावी लागते. तिथे रोमन काळातले मासे खारवण्याचे हौद आहेत आणि त्याच जागी पोंबालच्या काळातले पाइनचे लाकडी खुंट. ही गाळाची जमीन, म्हणून घरे खुंटांवर उभी केली. हे लाकूड भूजलात बुडालेले असते तोवर टिकते. पाणी खाली गेले, हवा लागली की कुजू लागते. बायशात तळघर खोदायचे म्हटले की अभियंते धास्तावतात ते यामुळे.

हे मनात ठेवून किल्ल्यावर जावे. १९३८ ते १९४० मधल्या दुरुस्तीने किल्ल्याला आजचे रूप दिले, त्यामुळे प्रत्येक कंगोरा मूर, म्हणजे मुस्लिम राजवटीच्या, काळातला समजू नये. पण तिथला एक बुरूज आपल्या इतिहासासाठी मोलाचा आहे. राज्याचे दप्तर याच बुरुजात होते, म्हणून त्या दप्तराला आजही ‘तोरे दो तोंबो’ म्हणतात. भूकंपात बुरूज कोसळला. दप्तराचे प्रमुख तेव्हा तेच मानुएल दा माया होते, वय सत्तरीच्या पुढचे. त्यांनी ढिगाऱ्यातून कागद काढवून तात्पुरत्या लाकडी छपरांत ठेवले. गोव्याच्या व्हाइसरॉयांशी झालेल्या पत्रव्यवहाराच्या पोथ्याही आज लिस्बनमध्ये वाचायला मिळतात. भूकंपातून दप्तर वाचले त्यामागे हा म्हातारा माणूस आहे. दप्तर १९९० पासून विद्यापीठ परिसरात, स्वतःच्या इमारतीत आहे.

किल्ल्यावरून उतरताना सांता लुझिया चर्चच्या बाहेरच्या भिंतीपाशी थांबावे. तिथे निळ्या अझुलेजो फरश्यांचे दोन मोठे चित्रफलक आहेत. एकात ११४७ साली ख्रिस्ती सैन्याने मूर लोकांच्या ताब्यातल्या किल्ल्यावर केलेला हल्ला आणि दुसऱ्यात भूकंपापूर्वीचा नदीकाठचा चौक, राजवाड्यासह. वरच्या सज्जातून नदी पाहून लोक परततात, भिंत पाहतच नाहीत. पुढे ट्रामच्या रुळांच्या कडेने उतरले की आल्जुबे हा जुना राजकीय तुरुंग लागतो, आता संग्रहालय. त्याच्याकडे पत्राच्या शेवटी येतो. त्याला लागून से, म्हणजे ११४७ नंतर लगेच बांधायला घेतलेले मुख्य चर्च. तिथून रुआ दे साओ जोआओ दा प्रासा धरून आल्फामात शिरावे. हे नाव अरबीतून आले, गरम झऱ्यांवरून. कठीण खडकावर असल्याने या वस्तीचे गल्लीबोळ भूकंपानंतरही जुन्याच रेषेत राहिले. नकाशा इथे कामाचा नाही, मोबाइलचा ठिपका भिंतींमध्ये भरकटतो. उताराच्या दिशेने चालत राहावे, नदी येतेच. ‘बेको’ लिहिलेली गल्ली बहुधा पुढे बंद असते, ‘एश्कादिन्यास’ म्हणजे पायऱ्या. ही माणसांची राहती घरे आहेत. उघड्या खिडकीत कॅमेरा घालू नये.

मंगळवार आणि शनिवारी जवळच्या काम्पो दे सांता क्लारा मैदानात जुना बाजार भरतो. तिथे सुट्या जुन्या अझुलेजो फरश्या विकायला असतात. त्या घेऊ नयेत. यातल्या कितीतरी घरांच्या दर्शनी भिंतींतून उचकटलेल्या असतात, आणि तशा काढायला कायद्याने बंदी आहे. हौसच असेल तर नवी फरशी कारागिराकडून घ्यावी.

किल्ल्याच्या दुसऱ्या उतारावर मोरारिया. ११४७ नंतर हरलेल्या मुस्लिमांना किल्ल्याबाहेर इथे वसवले. फादो गाणे याच गल्ल्यांतले. आज मार्तिम मोनिझच्या आसपास बांगलादेशी, नेपाळी, भारतीय दुकाने आहेत, डाळ-तांदूळ इथे मिळतात. खाली साओ दोमिंगोस चर्च आहे. १९५९ च्या आगीत तडकलेले खांब तसेच ठेवले आहेत. चौकात १५०६ साली झालेल्या ज्यूंच्या कत्तलीचे स्मारक आहे, आणि शेजारच्या रोसिओ चौकात, आज राष्ट्रीय नाट्यगृह आहे त्या जागी, इन्क्विझिशनचा, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाचा, वाडा होता. गोव्यात १५६० पासून जे घडले त्याचे मूळ कार्यालय हेच.

दुसरा दिवस बेलेमचा. सोमवार टाळावा, जेरोनिमोसचा मठ बंद असतो. बुरूज दुरुस्तीसाठी दीर्घकाळ बंद राहू शकतो, तेव्हा निघण्यापूर्वी पाहून घ्यावे. मठाची रांग आणि चर्चची रांग वेगवेगळी असते. कुठल्या रांगेत आहोत हे आधी विचारावे, कारण चुकीच्या रांगेत तास जातो. हा मठ मानुएल राजाने १५०० नंतर सुरू केला, त्याला पैसा पुरवला तो पूर्वेच्या मसाल्यांवरच्या पाच टक्के करातून. आत शिरताच वास्को द गामाची समाधी आहे. ती पाहून मागे फिरू नये. वेदीजवळ राजघराण्याच्या शवपेट्या संगमरवरी हत्तींनी तोलल्या आहेत. बेलेमच्या बुरुजाच्या वायव्य कोपऱ्यातल्या टेहळणीच्या घुमटीखाली दगडी गेंडा आहे, आता झिजून ओळखू येईनासा झालेला. गुजरातचा सुलतान मुझफ्फर शाह याने गोव्याचा पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकेर्क याला दिलेला गेंडा गोव्याहून निघून २० मे १५१५ रोजी इथे उतरला. रोमन काळानंतर युरोपात आलेला हा पहिला. पोर्तुगीजांनी त्याला ‘गँडा’ म्हटले, नावसुद्धा इकडूनच गेले.

शब्दांची देवघेव दुसऱ्या बाजूनेही दिसते. बटाटा, पाव, कोबी, चावी, घमेले हे आपण तिकडून घेतले, भाजीवाल्याच्या पाटीवर ते ओळखू येतात. शाकाहारींनी मात्र काल्दो वेर्दे या कोबी-बटाट्याच्या सूपला फसू नये. वरून शोरिसोची, म्हणजे गोव्याच्या चोरिसाच्या मूळ भावंडाची, चकती सोडतात. बाजूला काढून चालत नाही, रस उतरलेला असतो, आधीच नको सांगावे. बेलेमच्या टार्टमध्ये अंड्याचा बलक आहे, हे अंडे न खाणाऱ्यांनी लक्षात घ्यावे. जूनमध्ये संत अँटनीच्या सणाला कुंडीतली बारीक पानांची तुळशीच्या जातीची रोपे विकतात. त्यांचा वास नाक लावून घेत नाहीत. पानांवरून तळवा फिरवून मग तळवा हुंगतात.

शेवटी आल्जुबे. हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत विरोधकांना जिथे कोंडले, त्या कोठड्या इतक्या अरुंद की माणूस जेमतेम आडवा होतो. गोवा मुक्तिलढ्यातले मोहन रानडे १९५५ मध्ये पकडले गेले. गोवा १९६१ च्या डिसेंबरात मुक्त झाला, पण लिस्बनजवळच्या काशियशच्या तुरुंगातून त्यांची सुटका झाली ती १९६९ च्या जानेवारीत. सुधीर फडक्यांनी त्यासाठी केलेली धडपड जुन्या वाचकांना आठवत असेल. मराठी सहलींत हे नाव कुणी उच्चारत नाही, ते उच्चारले जावे. काशियशला जायला वेगळा दिवस लागत नाही. बेलेमहून कास्काइश मार्गावरची सर्व स्थानकांवर थांबणारी गाडी धरावी, नदी डाव्या हाताला राहते. स्थानकाजवळ किनाऱ्यावर दिसणारा साओ ब्रुनोचा छोटा किल्ला म्हणजे तो तुरुंग नव्हे, तिथे फोटो काढून समाधान मानू नये. तुरुंग आत, वरच्या बाजूला आहे, आणि आजही तुरुंगच असल्याने आत जाता येत नाही. पुढच्या गाडीने परत यावे.

आपला,
एक वाचक, वसई