कपाटातल्या वासाबद्दल

पुणे, १२ ऑक्टोबर

ती. आई-बाबांना सा. नमस्कार,

काल बॅगेतून सोलापुरी चादर काढली, तर मागच्या खोलीतल्या कपाटाचा वासही तिच्यासोबत पुण्याला आलेला. ओल्या पोत्यासारखा, कोंदट. बाबा, तुम्ही म्हणणार, "आपल्याकडे कसली आलीय ओल? ही काय मुंबई आहे?" नाही ना, म्हणूनच सांगते. ही ओल आपणच घरात सोडतोय.

कूलर पाणी हवेत उडवूनच गारवा देतो. मे महिन्यात बाहेर सगळं कोरडं ठणठणीत, खिडकी उघडी असली की भागतं. पण गार हवा बाहेर जाते म्हणून तुम्ही खिडकी लावून घेता, आणि सप्टेंबरच्या पावसातही तो घरघरत असतो! वर रोज नळाला पाणी नाही म्हणून कपाटाला खेटून भरलेलं पिंप.

गणपतीत आईची हिरवी इरकल उलगडली, तेव्हा घडीच्या कडेला राखाडी ठिपके दिसले. बोट फिरवलं तर पूड हाताला लागली. बुरशीच ती. पण वरच्या साड्या चांगल्या होत्या. मागच्या फळीला टेकलेल्याच तेवढ्या गेल्या. फळीमागे न्हाणीघराची भिंत, म्हणून मला तिचाही संशय आहे.

कपाट पुढे ओढा. (शेजारच्या पोरांना हाक मारा; बाबा, तुमची कंबर मला ठाऊक आहे.) भिंतीवर वीतभर प्लॅस्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीने पक्का लावा आणि दोन दिवस तसाच ठेवा. कागदाच्या आतून, भिंतीकडे थेंब धरले तर पाणी भिंतीतून येतंय, प्लंबर बोलवावा लागेल. बाहेरून धरले तर दोष हवेचा, म्हणजे कूलर आणि पिंपाचा. काहीही निघो, कपाट परत भिंतीला चिकटवू नका, चार बोटं जागा सोडा.

डांबराच्या गोळ्या आता पुरे. त्या कसर मारतात, ओल शोषत नाहीत. नुसता वासावर वास, आणि बाबांना आधीच खोकला. मी कॅल्शियम क्लोराइडचे डबे पाठवतेय. खडे ओल ओढून घेतात आणि त्यांचं पाणी होतं. डबा तळाशी ठेवा, ते पाणी साडीवर सांडू देऊ नका, बिजागरीसुद्धा गंजते.

आई, इस्त्रीचे कपडे गरम गरम घडी करून आत कोंबतेस ना, ते आधी निवू दे. आणि सध्याचं ऊन वाया घालवू नकोस. चादरी गच्चीवर घाल, रेशमी साड्या सावलीत, वाऱ्याला. बुरशी गच्चीवरच झटक, तोंडाला पदर बांधून. रिकामं कपाट दिवसभर सताड उघडं राहू दे.

इरकल मात्र धुवायला देऊ नकोस, मी आल्यावर बघू. दिवाळीच्या पाडव्याला मला तीच नेसायचीय.

तुमची,
धाकटी