द्वेष आणि औषधाची मात्रा

माननीय संपादक,

ज्यू रुग्णांना मुद्दाम चुकीची औषधे देऊ, असे पूर्वी समाजमाध्यमावर लिहिलेल्या अमेरिकेतील एका शिकाऊ डॉक्टरला क्लीव्हलँडच्या रुग्णालयाने २०१८ मध्ये कामावरून दूर केले. 'ते नुसते शब्द होते' हा बचाव मला पटत नाही. रात्रपाळीत सलाइनमध्ये इंजेक्शन सोडणारा, कण्हणाऱ्याची तक्रार खरी मानायची की नाही हे ठरवणारा बहुधा शिकाऊ डॉक्टरच असतो. कोल्हापुरात आईच्या खाटेशेजारी बसून मी ते पाहिले आहे, आणि त्या पोरांचे कष्टही. धर्म, वंश वा सामाजिक स्थान कर्तव्याच्या आड येऊ देणार नाही, अशी प्रतिज्ञा आपल्याकडील वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या नियमावलीत आहे. तिच्याविरुद्ध लिहिणाऱ्याला, चौकशी पूर्ण होईपर्यंत, एकट्याने रुग्ण तपासू देऊ नये.

— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर