फुफ्फुसाच्या कर्करोगानंतर व्यायामाची चिठ्ठीही हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फुफ्फुसाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि नवी औषधे यांविषयी आपल्या वृत्तपत्रात वेळोवेळी माहिती येते. परंतु हे उपचार घेतलेल्या माणसाला पुन्हा घराचा जिना चढता यावा यासाठी काय करावे लागते, याविषयी फारसे छापून येत नाही, म्हणून हे पत्र.

माझ्या पत्नीने तंबाखूला कधी हात लावला नाही, तरीही दीड वर्षापूर्वी तिला हा आजार झाला आणि उजव्या फुफ्फुसाचा वरचा भाग काढावा लागला. शस्त्रक्रिया उत्तम झाली, त्याबद्दल आम्ही डॉक्टरांचे ऋणी आहोत. मात्र घरी सोडताना ‘विश्रांती घ्या, दगदग करू नका’ एवढेच सांगण्यात आले आणि आम्ही ते इतके मनावर घेतले की तिला पाण्याचा तांब्याही उचलू दिला नाही. तीन चेंडूंचे श्वासाचे यंत्र सोबत दिले होते. त्यात फुंकायचे नसून श्वास आत ओढायचा असतो, हे कोणी न सांगितल्यामुळे ती महिनाभर फुंकर मारत राहिली. सिंहगड रस्त्यावरील आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यावर येईपर्यंत ती इतकी थके की शेजाऱ्यांनी तिच्यासाठी दुसऱ्या मजल्यावर प्लास्टिकची एक खुर्चीच कायमची ठेवून दिली.

पुढे एका फिजिओथेरपिस्ट ताईंनी आमची चूक समजावून सांगितली. दम लागतो म्हणून माणूस हालचाल टाळतो, त्यामुळे पायांचे स्नायू झिजतात, आणि अशा स्नायूंना थोडेसे काम केले तरी थकवा येऊन दम अधिकच लागतो. त्यांनी आधी ३० मीटरच्या व्हरांड्यात तिला सहा मिनिटे चालवले, बोटाला ऑक्सिमीटर लावला आणि दम किती लागतो ते शून्य ते दहा या मापाने तिलाच सांगायला लावले. पहिल्या दिवशी ती २७० मीटर चालली. मग बोलता येईल इतक्याच वेगाने चालणे, खुर्चीतून हात न टेकता उठणे, अर्ध्या लिटरच्या बाटल्या उचलणे, आखडलेला खांदा मोकळा करणे आणि ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडणे, असा क्रम सुरू झाला. आठ आठवड्यांनी तेच अंतर ३४५ मीटर झाले.

व्यायामाने गाठ विरघळते असा माझा दावा नाही, आणि तसा कोणी करूही नये. परंतु शस्त्रक्रियेच्या आधी व्यायाम करून घेतला तर नंतर फुफ्फुसाच्या गुंतागुंती कमी होतात, असे अभ्यासांत दिसून आले आहे. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी २०१९ मध्ये कर्करुग्णांसाठी आठवड्यातून तीनदा ३० मिनिटे चालण्यासारखा व्यायाम आणि दोनदा स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम सुचवला आहे. त्याने थकवा आणि चिंता कमी होते. अर्थात आजार हाडांत पसरला असेल, हिमोग्लोबिन किंवा प्लेटलेट फार कमी असतील, ताप असेल, तर हे बेत बदलावे लागतात. म्हणूनच मोबाईलवरचे व्हिडिओ पाहून कोणी व्यायाम सुरू करू नये. जाणकार माणूस समोर हवा.

पुण्यातील मोठ्या रुग्णालयांत फिजिओथेरपी विभाग आहेत, पण अर्धांगवायू आणि गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी तिथे जायचे असते, एवढेच आम्हा सामान्यांना ठाऊक असते. शस्त्रक्रिया ठरल्या दिवशीच रुग्णाला त्या विभागात पाठवावे, डिस्चार्ज कार्डावर औषधांच्या खाली फिजिओथेरपीची पुढची तारीख लिहावी आणि दूरच्या उपनगरांतील रुग्णांसाठी महापालिकेच्या दवाखान्यांत आठवड्यातून एक दिवस तरी ही सोय करावी, अशी माझी संबंधितांना कळकळीची विनंती आहे. शहरातील तज्ज्ञांनीही आपल्या वृत्तपत्रातून याविषयी सविस्तर लिहावे.

आपला,
एक वाचक, सिंहगड रस्ता, पुणे