यंदा गणपतीला येत नाहीये

सेगेद (हंगेरी), 12 जुलै

ती. बाबा आणि सौ. आई यांस,
शि. सा. नमस्कार.

(बाबा, मायना असा लिहिला की तुम्हाला बरं वाटतं म्हणून लिहिलाय. आई, हसू नकोस.)

पत्र बघून घाबरू नका, माझी तब्येत ठणठणीत आहे. तीन रविवार फोनवर सांगायचं ठरवत होते. पण आई दर वेळी पहिला प्रश्न तोच विचारते, "तिकीट काढलंस का?" मग मी "बघते" म्हणते आणि नेट गेल्यासारखं करते. एकदा नेट खरंच गेलं होतं. दोनदा मी नाटक केलं.

तर सरळ सांगते. यंदा गणपतीला येत नाहीये. आणि इथलं काम मी आणखी तीन वर्षांसाठी घेतलंय. जूनच्या शेवटी सही केली. दादाला सांगितलंय, पण त्याच्या तोंडून तुम्हाला कळायला नको होतं, म्हणून त्याला गप्प बसायला लावलं. त्याच्यावर चिडू नका.

आता चहा करून घ्या आणि मग पुढचं वाचा.

सप्टेंबरात आमच्या प्रयोगशाळेत नवीन यंत्र बसतंय आणि ते चालवायला शिकलेले आम्ही दोघंच आहोत. त्यात मार्चमध्ये माझी बरीचशी रजा संपली. बाबा, हे तुम्हाला ऐकवायला लिहीत नाहीये. ती रजा मी दहा वेळा घेईन. खरं तर ती दोन दिवस उशिरा मिळाली हेच मनात आहे. मी पोहोचले तेव्हा हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवून तुम्ही पलंगावर उठून बसला होतात आणि नर्सला कोयनेतल्या विसर्गाचं गणित समजावत होतात. शिवाय गणपतीच्या दिवसांत तिकिटं महाग असतात, आणि तीन वर्षांनी परत आले तर पुण्यात नोकरी मिळणं सोपं जाईल. एवढी कारणं एका दमात सांगितली की तुम्हाला संशय येतो, माहीत आहे मला. त्यावर पुढे लिहिते.

आधी आईची काळजी. मी नीट जेवते. कुकर चालू आहे, त्याची शिट्टी बदलली. तूरडाळ बुडापेस्टहून आणते, अडीच तासांची रेल्वे आहे. एकदा गेले की चार महिन्यांची भरून घेते. दही इथलं चांगलं लागतं, पण ताकाला तेवढी आंबट चव येत नाही. तू दिलेली गोडा मसाल्याची बरणी अर्धी आहे, काटकसरीने वापरते. भडंग मात्र संपलं. संपलं म्हणजे प्रयोगशाळेतल्या लोकांनी संपवलं.

उन्हाळा इथेही कडक असतो. या गावाला 'उन्हाचं शहर' म्हणतात, आणि गेल्या आठवड्यात 37 अंश झालं होतं. घरात एसी नाही. त्यावर इथले लोक काय करतात, तर सकाळी आठलाच खिडक्यांवरचे लाकडी पट्ट्यांचे पडदे दोरीने खाली सोडतात आणि दिवसभर घर अंधारं ठेवतात. त्यांना रेडोन्य म्हणतात. पहिल्या वर्षी मी उजेड हवा म्हणून ते वर ठेवायची आणि रात्री भाजून निघायची. खालच्या मजल्यावरच्या नेनी एकदा स्वतः वर आल्या, काही न बोलता सगळे खाली ओढले आणि निघून गेल्या. नेनी म्हणजे मावशी किंवा काकू. वयाने मोठ्या बाईला इथे नुसत्या नावाने हाक मारत नाहीत, नावामागे नेनी लावतात, पुरुष असेल तर बाची. लहान मुलं त्यांना 'चोकोलोम' म्हणतात, म्हणजे 'हाताची पापी घेते'. आपल्या वाकून नमस्कारासारखंच, फक्त वाकायचे कष्ट वाचतात.

तर या नेनींनी मला काकडीचं लोणचं शिकवलं, आणि आई, हे तुला दाखवायला हवं होतं. मोठी काचेची बरणी घ्यायची. बोटाएवढ्या काकड्या दोन्ही टोकांना उभ्या चिरायच्या, पण मधे जोडलेल्या ठेवायच्या (आपण भरली वांगी चिरतो ना, त्याच्यासारख्या). उभ्या दाबून बसवायच्या, मधे लसूण आणि शेपू, वरून मिठाचं कोमट पाणी. आणि सगळ्यात वर पावाचा एक तुकडा! मग बरणीवर बशी ठेवून खिडकीत उन्हाला. तेल नाही, मोहरी नाही, व्हिनेगरसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी पाणी गढूळ होतं, तिसऱ्या दिवशी पावाच्या कडेने बुडबुडे येतात, चौथ्या दिवशी काकडी आंबलेली तयार. मी पहिल्या दिवशी तीनदा झाकण उघडून वास घेतला. नेनींनी हातावर चापट मारली. तू कैरीच्या बरणीला हात लावू द्यायची नाहीस, अगदी तशीच, त्याच बोटांवर.

मला हंगेरियन अजून धड येत नाही. नेनींना इंग्रजी येत नाही. लोणचं मात्र सगळं कळलं.

आता बाबांसाठी. तुम्ही नेहमी विचारता, नदी कशी आहे. तिसा गावाच्या मधून जाते, आपल्या कृष्णेसारखीच संथ आणि मातकट. जूनमध्ये तिच्यावर एक प्रकार होतो. लांब शेपटीचे पिवळट किडे संध्याकाळी हजारोंनी पाण्यातून वर येतात. तीन वर्षं काठाच्या चिकणमातीत अळी म्हणून काढतात, आणि पंख फुटल्यावर काही तासच जगतात. लोक काठावर उभं राहून बघतात. याला 'तिसाची फुलं' म्हणतात. यंदा मी पुलावरून बघितलं आणि तुम्हाला व्हिडिओ पाठवला होता; तुम्ही उत्तर पाठवलंत, "छान. पाणी किती फूट?"

घ्या मग आकडे. 1879 च्या मार्चमध्ये तिसाने हे गाव जवळजवळ पूर्ण नेलं. 5,700 च्या वर घरं होती, त्यातली 300 सुद्धा उरली नाहीत. मग गाव नव्याने बांधलं, रस्ते भर घालून उंच केले, आणि बाहेरच्या गोल रस्त्याच्या भागांना मदत करणाऱ्या शहरांची नावं दिली: व्हिएन्ना, मॉस्को, लंडन, पॅरिस, बर्लिन, ब्रुसेल्स, रोम. मी रोज लंडनवरून पॅरिसला चालत जाते, दहा मिनिटांत. आपल्या सांगलीच्या गावभागात 2019 च्या महापुरानंतर असं कुणाचं नाव द्यायचं म्हटलं तर मिरजेच्या आत्याच्या गल्लीचं द्यावं लागेल. अलीकडे 2006 साली इथे पाणी 1009 सेंटीमीटरवर गेलं, म्हणजे सुमारे 33 फूट, आणि तो उच्चांक आहे. तुम्ही लगेच म्हणाल, आयर्विन पुलाला 57 फूट बघितलेल्या माणसाला 33 काय सांगतेस. पण बाबा, शून्य कुठून धरतात त्यावर आहे सगळं. हे तुम्हीच शिकवलंत.

मे महिन्यात बालातोन सरोवरावर गेले होते. ते 77 किलोमीटर लांब आहे आणि इतकं उथळ, की दक्षिण काठाला शंभर पावलं आत गेलं तरी पाणी कमरेएवढंच. समुद्र नाही म्हणून हे लोक त्यालाच समुद्र म्हणतात. काठावर लांगोश खाल्लं. भटुऱ्याचा मोठा भाऊ समजा, वर लसणाचं पाणी, आंबट साय आणि किसलेलं चीज. आई, एकच खाल्लं. (दीड.) काठाने वादळाचे दिवे लावलेत. मिनिटाला 45 वेळा लुकलुकला तर सावध राहायचं, काठापासून लांब पोहायचं नाही. 90 वेळा लुकलुकला तर पाण्यात कुणीच उतरायचं नाही. हे लक्षात ठेवा, खाली कामाला येणार आहे.

उत्तर काठावर बालातोनफ्युरेद नावाचं गाव आहे, तिथे हृदयरोगाचं जुनं रुग्णालय. 1926 मध्ये रवींद्रनाथ टागोर युरोपच्या दौऱ्यात आजारी पडले आणि उपचारांसाठी तिथे राहिले. बरं वाटल्यावर, 8 नोव्हेंबरला, त्यांनी सरोवराकाठी लिंडनचं एक झाड लावलं. त्या रस्त्याला आता त्यांचंच नाव आहे, त्यांचा अर्धपुतळाही आहे. मी बाकावर बसून हिशोब केला. तेव्हा ते 65 वर्षांचे होते, आणि त्यानंतर जवळजवळ 15 वर्षं जगले, लिहिलं, हिंडले, चित्रं काढली. तुम्ही 67 चे आहात, आणि तुमच्या वेळी स्टेंट तरी आहे, त्यांच्या वेळी नव्हता. बाकावर बराच वेळ बसले होते. शेजारच्या आजोबांनी विचारलं, रडतेस का? मी म्हटलं, परागकण. खरंच होते, पण तेवढेच नव्हते.

आता ते कारण, जे शेवटी सांगणार होते. यंत्र, रजा, तिकीट, सगळं खरं आहे. पण त्यातलं काहीही नसतं तरी मी बहुधा सही केली असती. मला इथे राहायला आवडतं. उन्हाळ्यात संध्याकाळी साडेआठपर्यंत उजेड असतो, काम संपवून नदीवर जाते, कुणी ओळखत नाही, आणि कुणी "लग्नाचं काय" विचारत नाही. हे वाक्य तुम्हाला टोचेल. तुमच्याबद्दल नाही ते, तुम्ही दोघांनी कधी विचारलं नाहीत. तो प्रश्न शेजारच्या काकूंचा. आणि आवडतं म्हणजे तिकडचं आवडत नाही असं नाही. सायकलच्या पुढच्या दांड्यावर टॉवेल गुंडाळून बसवायचात, आयर्विनवर नेऊन खांबावरचे आकडे वाचायला लावायचात, आणि मी 23 ला 32 वाचलं की तुम्ही आख्खा पूल हसायचात. नदीकाठी राहणं मला आवडतं ते तिथूनच आलंय. मग तक्रार कुणाकडे करणार?

बरं, आता कामाचं.

बाबा, रक्त पातळ ठेवायची गोळी एक दिवसही चुकवायची नाही. "बरं वाटतंय" म्हणून तर मुळीच नाही. दात काढायचा असला तरी आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारायचं. हरिपूर रस्त्यावर फिरायला जा, पण फोन खिशात ठेवून, देवघरात ठेवून नव्हे. आई, तू गुडघ्यांसाठी दिलेले व्यायाम करत नाहीस, मला दादाने सांगितलंय. आणि त्याला चहात साखर कमी करायला लावते आहेस ती आधी बाबांच्या चहातली कर.

पाण्याचं. आयर्विनला 40 फूट ही सरकारची इशारा पातळी, 45 धोक्याची. माझी वेगळी आहे. 35 झालं की तुमचा दिवा 45 वेळा लुकलुकतोय समजायचं: कागदपत्रं, औषधं, चष्मे बॅगेत. 38 झालं की 90. त्या दिवशी रात्र पडायच्या आत आत्याकडे. माळ्यावर बसून राहायचं नाही, 2019 सारखं "बघू, उतरेल" चालणार नाही. यावर वाद घालायचा असेल तर मिरजेत पोहोचून घाला.

आणि पासपोर्ट. बाबांचा संपलाय. दादाबरोबर जाऊन नवा काढून घ्या, आईचा फेब्रुवारीपर्यंत आहे तोही त्याच वेळी करा. व्हिसाला बोटांचे ठसे द्यावे लागतात आणि प्रवास विमा लागतो, ते मी इथून बघते. पुढच्या मे महिन्यात या, पावसाच्या आधी. जूनच्या मध्यापर्यंत थांबलात तर तिसाची फुलं दिसतील. विमानतळावर मी घ्यायला येईन. महिन्याभराचा देशभराचा पास 18,900 फोरिंटला मिळतो, साधारण पाचेक हजार रुपये, गाड्यांमधून तुम्हाला कुठेही फिरवते. जिना तीन मजले आहे, पण लिफ्ट आहे, जुनी आणि कुरकुरणारी, नेनी तिच्याशी बोलतात तेव्हा चालते.

दिवाळीला येतेय, ते तिकीट काल काढलं. हे आधीच सांगायला हवं होतं, नाही का?

तुमची,
छकुली

ता. क. आई, बरणीतल्या काकडीचं पाणी फेकायचं नसतं, उन्हातून आल्यावर थंड करून पितात म्हणे. मी प्यायले. पन्ह्याची फार आठवण आली.

ता. ता. क. बाबा, रागावला असाल तर रविवारी फोन उचला आणि रागवा. पण उचला.