उंदराचे यकृत आणि आपले ताक

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या गेल्या आठवड्यातील आरोग्य पुरवणीत 'ताक प्या, फॅटी लिव्हर घालवा' हा लेख वाचला. आतड्यांतील जीवाणू यकृताचा कारभार बदलू शकतात हे संशोधनाने सिद्ध झाले आहे, असे त्यात म्हटले आहे. विधान खोटे नाही. पण ते कोणाच्या यकृताबद्दल आहे, हे लेखात शेवटपर्यंत कुठेच आलेले नाही. ते यकृत उंदराचे आहे. एका संशोधन संस्थेच्या प्राणीगृहात २७ वर्षे पिंजऱ्यांची देखरेख केल्यामुळे हा मुद्दा मला सोडून देता येत नाही.

ज्या प्रयोगापासून या विषयाला खरी गती मिळाली, तो अमेरिकेतील सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात जेफ्री गॉर्डन यांच्या प्रयोगशाळेत झाला आणि २००४ साली प्रसिद्ध झाला. फ्रेड्रिक बेकहेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यासाठी जंतुविरहित उंदीर वापरले, म्हणजे गाळलेली हवा, निर्जंतुक केलेले अन्नपाणी आणि बंद कक्ष यांतच वाढलेले, पोटात एकही जीवाणू नसलेले उंदीर. (या प्रयोगातले उंदीर काळे होते. प्रयोगशाळेतला उंदीर म्हणजे पांढराच, ही समजूत बहुधा शाळेच्या पुस्तकांतून आली असावी.) साध्या उंदरांच्या अंधांत्रातील (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीतील) जीवाणू या उंदरांच्या पोटात सोडल्यावर १४ दिवसांत त्यांच्या अंगावरची चरबी सुमारे ६० टक्क्यांनी वाढली, यकृतातील चरबीही वाढली, आणि हे सगळे त्यांचे खाणे आधीपेक्षा कमी झालेले असताना घडले. जीवाणूंमुळे आतड्यातून साखर अधिक शोषली जाते, आतड्यांकडून निघणारे रक्त थेट यकृतात जात असल्याने ती साखर प्रथम तिथे पोहोचते आणि यकृत तिच्यापासून चरबी तयार करते, असा उलगडा संशोधकांनी केला. प्रयोग सुंदर आहे. जीवाणू आणि यकृतातली चरबी केवळ योगायोगाने एकत्र आढळत नाहीत, एकामुळे दुसरे घडते, हे दाखवायला जंतुविरहित प्राण्याशिवाय दुसरे तितके स्वच्छ साधन नाही.

अडचण पुढे सुरू होते. उंदराचे यकृत म्हणजे माणसाच्या यकृताची लहान आवृत्ती नव्हे. पित्ताचेच पाहा. उंदराचे यकृत म्युरिकोलिक नावाची पित्ताम्ले मोठ्या प्रमाणावर बनवते. निरोगी प्रौढ माणसाच्या पित्तात ती जवळजवळ नसतातच. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथून २०१३ साली बेकहेड यांच्याच गटाने दाखवले की, उंदरांच्या आतड्यातील जीवाणू यांपैकी एका पित्ताम्लाचे प्रमाण घटवतात, त्यामुळे आतड्यातील एका संवेदकावरचा अडसर दूर होतो आणि पित्ताम्ले कमी बनवण्याचा निरोप यकृताला जातो. जी साखळी माणसात जवळजवळ नसलेल्या रेणूपासून सुरू होते, ती माणसात जशीच्या तशी चालते असे मानायला आधार नाही.

दुसरी गोष्ट प्राणीगृहातल्या कोणत्याही कामगाराला ठाऊक असते, पण बातमीत कधी येत नाही: उंदीर एकमेकांच्या लेंड्या खातात. एका पिंजऱ्यात राहणाऱ्या उंदरांचे जीवाणू त्यामुळे हळूहळू एकसारखे होतात. येल विद्यापीठातील २०१२ च्या एका अभ्यासात, प्रतिकारयंत्रणेत दोष असलेल्या उंदरांसोबत तो दोष नसलेले उंदीर ठेवले, तेव्हा त्यांचाही यकृतविकार बळावला. आमच्याकडे पिंजऱ्यातील भुशाचा पुरवठादार बदलला तरी त्याची नोंद ठेवण्याचा माझा आग्रह असे, आणि त्यावरून तरुण संशोधक मला हसत. आहाराचा परिणाम तर याहून ठळक आहे. जंतुविरहित उंदीर चरबीयुक्त खाण्यानेही लठ्ठ होत नाहीत असे २००७ साली प्रसिद्ध झाले, आणि खाण्यातले घटक बदलले की ते लठ्ठ होतात असे २०१० साली.

याचा अर्थ माणसाचा या विषयाशी संबंध नाही असा मुळीच नाही. चीनमध्ये दारूचा थेंबही न घेता, केवळ गोड खाल्ल्यावर झिंग चढणाऱ्या आणि यकृत सुजलेल्या एका रुग्णाच्या आतड्यात मद्यार्क बनवणारा क्लेब्सिएला जीवाणू सापडला. तो उंदरांना दिल्यावर त्यांनाही फॅटी लिव्हर झाले, असे २०१९ साली प्रसिद्ध झाले. मात्र उलट दिशेने, म्हणजे उंदराकडून माणसाकडे येताना, हाती फार थोडे लागते. ॲमस्टरडॅममध्ये चयापचयाचा विकार असलेल्या १८ पुरुषांपैकी काहींना सडपातळ दात्यांच्या विष्ठेतील जीवाणू आतड्यात सोडून दिले गेले, तेव्हा सहा आठवड्यांनी त्यांचे शरीर इन्सुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देऊ लागले, पण वजन काही उतरले नाही. त्याच गटाने नंतर अधिक रुग्णांवर, अधिक काळ पाहिले, तेव्हा १८ आठवड्यांनंतर तो फायदाही उरला नव्हता.

या पत्रात उल्लेखलेल्या एकाही प्रयोगात कोणाला ताक पाजलेले नाही. जेवणानंतर ताक मीही घेतो, ते चवीसाठी. परंतु सोनोग्राफीत फॅटी लिव्हर दिसलेला एखादा वाचक आपला लेख वाचून वजन, साखर आणि मद्य यांबद्दलचा डॉक्टरांचा सल्ला बाजूला ठेवून ताकावर विसंबला, तर त्या मथळ्याचे समर्थन कसे करणार? म्हणून विनंती एवढीच की, अशा बातमीत प्रयोग कोणत्या प्राण्यावर झाला हे मथळ्यात आणि त्या प्राण्याला काय खायला घातले होते हे पहिल्या परिच्छेदात छापावे, आणि गेल्या आठवड्याच्या लेखाबाबत तसा खुलासा येत्या पुरवणीत द्यावा.

आपला,
एक निवृत्त प्राणीगृह पर्यवेक्षक, पुणे