पाण्याच्या बातमीत आमची भाषा कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात तिसऱ्या पानावर 'कन्नडिग गावांना म्हैसाळचे पाणी' हा मथळा वाचला. सकाळी वाचला, दिवसभर कामं केली, संध्याकाळी अंक पुन्हा उघडून वाचला, आणि आज जेवणं आवरून हे पत्र लिहायला बसले आहे. बातमी विस्तारित म्हैसाळ योजनेची, म्हणजे जतच्या पूर्व भागाला कृष्णेचं पाणी उचलून देण्याच्या योजनेची आहे. काम कुठं अडलंय, निधीचं काय झालं, हे तुमच्या वार्ताहरानं नीट दिलं आहे, त्याबद्दल त्यांचे आभार. पण जिथं गावांची नावं यायला हवी होती तिथं त्यांनी आमच्या घरात बोलली जाणारी भाषा लिहिली. वर पहिल्याच वाक्यात 'कर्नाटकात जाण्याची भाषा करणाऱ्या या गावांना' असंही आहे. ते वाचून घास घशात अडकला.

माझं माहेर जत तालुक्याच्या पूर्व भागातलं. घरात कानडी, चुलत्यांकडं कानडी, बाजारात दोन्ही, शाळा चौथीपर्यंत कन्नड आणि पुढं मराठी. 'आम्ही घरात कानडी बोलतो' असं आम्ही सांगतो. 'आम्ही कन्नडिग' असं गावात कुणी म्हटलेलं मी आजवर ऐकलेलं नाही. तो शब्द मी तुमच्याच अंकात वाचते, सीमाप्रश्नाच्या बातमीत, 'कन्नडिगांची दडपशाही' अशा मथळ्यात. तिथं तो समोरच्या बाजूसाठी वापरला जातो. तोच शब्द उचलून तुम्ही सांगली जिल्ह्यातल्या गावांना लावलात. म्हणजे आम्हीही समोरच्या बाजूचे झालो. शिवाय जत पूर्वमध्ये पाण्यासाठी तळमळणारी सगळी गावं एकच भाषा बोलतात असंही नाही. विस्तारित योजनेत ६५ गावं आहेत. त्यात मराठी बोलणारी आहेत, कानडी बोलणारी आहेत आणि एकाच गल्लीत दोन्ही बोलणारी तर कितीतरी आहेत.

मला हा शब्द एवढा का लागला ते सांगते.

डिसेंबर २०२२ तुमच्या लक्षात असेल. त्याआधी नोव्हेंबरात कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी जतच्या ४० गावांवर हक्क सांगितला होता. इकडच्या एसटीला तिकडं काळं, तिकडच्या बसला इकडं काळं, गाड्या बंद. त्याच दिवसांत अप्पा, म्हणजे माझे वडील, गोठ्यात पाय घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. वय ८१. जीप करून भावानं त्यांना मिरजेला एका दवाखान्यात आणलं, मी सांगलीहून गेले. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन ठरलं. रात्रीपासून उपाशी ठेवायला सांगितलं, पाणीसुद्धा नाही.

ऑपरेशन सरकारी योजनेतून होणार होतं. सकाळी कागदांच्या टेबलावर मी केशरी रेशनकार्ड दिलं, आधार दिलं. टेबलावरचा मुलगा चांगला बोलत होता, मीही त्याच्याशी मराठीत बोलत होते, सगळं बरोबर चाललं होतं. एक सही माझी झाली, दुसरी व्हायची होती. तेवढ्यात मागं स्ट्रेचरवरून अप्पांनी मला हाक मारली आणि म्हणाले, 'नीर कोड.' पाणी दे. मी त्यांना कानडीतच समजावलं, ऑपरेशन व्हायचंय, आता पाणी नाही. वळून पाहिलं तर त्या मुलानं रेशनकार्ड परत हातात घेतलं होतं.

'कर्नाटकचे का?'

म्हटलं, कार्डावर बघा, तालुका जत, जिल्हा सांगली.

'ते आहे हो, पण राहायला तिकडंच ना? सध्या फार बोगस कार्डं येतात. तलाठ्याचा रहिवासी दाखला आणा, मग बघू.'

मी भांडले. वरच्या माणसाकडं गेले. त्यानंही तेच सांगितलं, सध्या वातावरण असं आहे, आम्हाला जपून राहायला लागतं. भाऊ मोटरसायकलवर दाखल्यासाठी गावाकडं गेला, पोचेपर्यंत दुपार टळली. तलाठी भेटले ते दुसऱ्या दिवशी. ऑपरेशन एक दिवसानं पुढं गेलं. संध्याकाळी सिस्टरनी आता पाजायला हरकत नाही म्हणून सांगितलं, तोवर अप्पांचे ओठ पांढरे पडले होते, जीभ टाळ्याला चिकटत होती. मी चमच्यानं पाणी घातलं. पहिल्या दोन चमच्यांचं निम्मं हनुवटीवरून खाली आलं, गिळताच येईना. जो माणूस १९७२ च्या दुष्काळात सुकडी खाऊन रस्त्याच्या कामावर खडी फोडत होता, ज्यानं जन्मभर महाराष्ट्राच्या सरकारकडं पाणी मागितलं, त्याला महाराष्ट्रातल्या दवाखान्यात आपल्या भाषेत पाणी मागितलं म्हणून परक्या मुलखातला ठरवलं. मी मराठीत बोलत होते तोवर कागद पुरे होते. अप्पा कानडीत बोलले आणि तेच कागद अपुरे पडले.

त्या मुलावर माझा राग नाही. तो विशीतला पोरगा, त्याला हे कुणी शिकवलं? रोज पेपर आणि टीव्हीवर 'जतचे कन्नडिग' वाचून-ऐकून तो शिकला. म्हणून हे पत्र तुम्हाला.

शेजारच्या खाटेवर कर्नाटकातल्या निपाणीकडचे एक आजोबा होते, घरचे मराठी. त्यांचा मुलगा मला म्हणाला, ताई, आमच्याकडं हेच उलटं होतं. कचेरीत मराठीतून अर्ज दिला की आम्ही मराठीवाले. त्याच डिसेंबरच्या २७ तारखेला आपल्या विधिमंडळानं कर्नाटकातल्या ८६५ मराठी गावांसाठी एकमतानं ठराव केला. पुढं महात्मा फुले जनआरोग्य योजनाही त्या गावांना लागू केली. मला त्याचा मनापासून आनंद झाला, त्या आजोबांची आठवण झाली. पण मग मला सांगा, बेळगाव-निपाणीचा मराठी माणूस घरातल्या भाषेमुळं आपला होतो, आणि पिढ्यान् पिढ्या जतमध्ये राहणारा माणूस घरातल्या भाषेमुळं परका होतो, हे कसं चालेल? बेळगावच्या मराठी माणसासाठी आपण काय मागतो? जिथं अल्पभाषिक १५ टक्क्यांहून जास्त आहेत तिथं त्यांना त्यांच्या भाषेत सरकारी कागद द्या, मुलांना मराठी शाळा द्या, आणि निष्ठेवर शंका घेऊ नका. हे सगळं रास्त आहे. मग तेच जतमध्ये आम्ही मागितलं तर रास्त नाही का?

'भाषिक अल्पसंख्याक' हा शब्द घटनेत आहे. लहान मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावं म्हणून कलम ३५०-अ मध्ये तो आहे. तो एक हक्क देण्यासाठी आहे, माणूस कुठला ते तपासण्यासाठी नाही. घटनेनं नागरिकत्व एकच ठेवलं, भारताचं. राज्याचं वेगळं नागरिकत्व नाही आणि भाषेचं तर नाहीच. अप्पांचा जन्म जत संस्थानात झाला. १९४८ ला संस्थान विलीन झालं, १९४९ ला दक्षिण सातारा जिल्हा झाला, १९६० ला महाराष्ट्र झाला आणि त्याच वर्षी जिल्ह्याचं नाव सांगली झालं. या सगळ्यात अप्पांनी घर बदललं नाही की शेत बदललं नाही. १९६७ मध्ये सीमाप्रश्नासाठी नेमलेल्या महाजन आयोगानं जतची काही गावं कर्नाटकाला (तेव्हाच्या म्हैसूर राज्याला) द्यायला सुचवलं, महाराष्ट्रानं तो अहवाल मानला नाही, म्हणजे या गावांना सोडायचं नाही असं महाराष्ट्रानंच ठरवलं. जतच्या गावांनी कर्नाटकात जाण्याचा २०१२ ला केलेला जो ठराव सारखा पुढं केला जातो तो पाण्यासाठीचा त्रागा होता. पाणी शिवेपलीकडं दिसत होतं आणि अलीकडं बोअरला धूळ येत होती. त्या त्राग्यात भाषा नव्हती. तुमच्या वार्ताहरानं एकदा मे महिन्यात तिकडं राहून बघावं.

माझ्या भाच्यानं परवा विचारलं, जनगणनेत मातृभाषा काय सांगायची? त्याच्या आईनं, माझ्या वहिनीनं, चटकन उत्तर दिलं, मराठी सांग, उगीच कटकट नको. मला फार वाईट वाटलं. मराठी आमचीच आहे, मी हे पत्रही तिच्यातच लिहिते आहे. पण भीतीपोटी लिहिलेली मातृभाषा खरी कशी म्हणायची? अप्पांनी २०११ ला मास्तरांना सरळ सांगितलं होतं, मातृभाषा कन्नड, येणाऱ्या भाषा मराठी आणि हिंदी. मास्तरांनी लिहून घेतलं आणि चहा पिऊन गेले. तेव्हा कुणाला काही वाटलं नव्हतं. सांगलीच्या गल्लीगल्लीत अण्णा आहेत, अक्का आहेत, स्वयंपाकघरात तूप आहे, पानाच्या डब्यात अडकित्ता आहे, हे शब्द कानडीतूनच मराठीत येऊन इथले झाले. माणसांना मात्र इथलं व्हायला दाखला लागतो.

आणखी एक. आमच्या गावच्या कन्नड शाळेत मध्यंतरी कन्नड न येणारे शिक्षक नेमले गेले. पहिलीतली पोरं त्यांच्या तोंडाकडं बघत बसायची आणि तेही बिचारे पोरांकडं. त्याबद्दल मी गेल्या जूनमध्ये आपल्याकडं पत्र पाठवलं होतं. ते छापलं नाहीत. कानडी शाळेची अडचण पेपरात यायला महत्त्वाची वाटत नाही आणि 'कन्नडिग गावं' मात्र मथळ्यात बसतात, याचं उत्तर मला हवं आहे. पत्राची प्रत माझ्याकडं आहे, सोबत पुन्हा जोडते.

मथळ्याबद्दल खुलासा छापावा ही विनंती. तो पहिल्या पानावर नको, तिसऱ्याच पानावर, तेवढ्याच अक्षरात चालेल. 'जत पूर्व भागातील गावे' एवढं लिहिलं तरी पुरे.

अप्पा आता काठी घेऊन घरातल्या घरात चालतात. तुमचा अंक त्यांच्याकडं दुपारच्या एसटीनं पोचतो, भिंग घेऊन ते मराठी बातम्या सगळ्या वाचतात. काल रात्री फोन आला. मला वाटलं त्या शब्दाबद्दल बोलतील. त्यांनी त्याचा विषयही काढला नाही. विचारत होते, पाणी कुठल्या गावापर्यंत आलंय ते बातमीत कुठंच दिलेलं नाही, तुला काही कळलं का? मलाही सांगता आलं नाही. तेवढी गावांची नावं तरी पुढच्या अंकात द्यावीत.

आपली नियमित वाचक,
विश्रामबाग, सांगली